आयसीयूतली ट्रॅकिऑस्टॉमी: सहीच्या आधी आणि नळी बसल्यावर काय विचारायचं?

रातपाळी_ठाणे

आयसीयूबाहेर बसलेल्या घरच्यांचा हात दोन सह्या करताना हमखास थरथरतो. एक व्हेंटिलेटर लावायची, दुसरी गळ्यातून नळी घालायची, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमीची. मी ठाण्यात आयसीयू सिस्टर आहे. डॉक्टर समजावून सांगतात, पण त्या घटकेला कोणाच्या डोक्यात काही शिरत नाही. मग रात्री गर्दी ओसरली की पेशंटचा मुलगा किंवा सून दाराशी येऊन विचारते, "सिस्टर, गळ्याला भोक पाडलं म्हणजे आता संपलं का हो?"

संपलेलं नसतं. पेशंटला आठवडा-दहा दिवस तोंडातून घातलेली नळी असते, व्हेंटिलेटर लवकर निघेल असं दिसत नाही, तेव्हा हा विचार सुरू होतो. तोंडातली नळी सहन व्हावी म्हणून झोपेची औषधं चालू ठेवावी लागतात. नळी गळ्यात आली की ती कमी करता येतात, तोंड स्वच्छ ठेवता येतं, पेशंटला उठवून बसवता येतं, व्हेंटिलेटर हळूहळू सोडवणं सोपं जातं. अनेकांची नळी पुढे निघते आणि छिद्र आपोआप बुजतं. पूर्वी यासाठी ऑपरेशन थिएटरमध्ये न्यावं लागायचं. 1985 मध्ये सिआग्लिया या अमेरिकन सर्जनने सुई, तार आणि छिद्र हळूहळू रुंद करणाऱ्या नळ्या वापरून ते करायची पद्धत मांडली. आता बऱ्याच आयसीयूंत ते बेडवरच होतं, शक्य असेल तिथे आत दुर्बीण घालून बघत बघत.

करतानाचे धोके सहीच्या कागदावर असतात: रक्तस्राव, फुप्फुसाबाहेर हवा साठणं, नळी चुकीच्या वाटेने जाणं, कातडीखाली हवा भरणं. या शेवटच्या प्रकारात मान आणि गाल सुजतात, बोटाने दाबलं की आत कुरकुर जाणवते. हे सगळं गंभीर आहे, पण त्या वेळी भूलतज्ज्ञ, सर्जन, सिस्टर सगळे पेशंटभोवती उभे असतात. मला जास्त काळजी वाटते ती पुढच्या दिवसांची, कारण तेव्हा सगळे आपापल्या कामाला गेलेले असतात.

पहिला धोका नळी निसटण्याचा. पहिला आठवडा-दहा दिवस कातडीपासून श्वासनलिकेपर्यंतची वाट पक्की झालेली नसते. नळी बाहेर आली की वाट मिटते. घाईत नळी परत ढकलली तर ती श्वासनलिकेऐवजी बाजूच्या मांसात जाऊ शकते, आणि वरून सगळं जागेवर असल्यासारखं दिसतं. म्हणून अशा वेळी आंधळेपणाने ढकलायचं नसतं. छिद्र झाकून तोंडावाटे श्वास द्यायचा आणि गरज पडली तर पुन्हा तोंडातूनच नळी घालायची. (ज्यांचं स्वरयंत्र काढून टाकलेलं असतं त्यांना हे लागू नाही, त्यांचा श्वास फक्त गळ्यातूनच चालतो.)

आणि नळी निसटते कधी? बहुतेकदा चादर बदलताना. वॉर्डबॉय मामा पेशंटला कुशीवर वळवतात, व्हेंटिलेटरचे पाईप बेडच्या कठड्यात अडकतात आणि वजन गळ्यातल्या नळीवर येतं. आमच्याकडे वळवण्याआधी एकजण फक्त नळी धरून उभी राहते. तिने दुसरं काहीही करायचं नाही, "वळवा" हेही तिनेच म्हणायचं. शक्य असेल तर तेवढ्यापुरते पाईप सोडवतो. गळ्याभोवतीची पट्टी एक बोट जाईल इतकीच सैल ठेवतो. पट्टी बदलायला कायम दोघी.

दुसरा धोका नळी तुंबण्याचा. आपलं नाक हवा गरम करतं, ओलसर करतं, गाळतं. गळ्यातून घेतलेल्या श्वासाला यातलं काहीच मिळत नाही. कोरड्या हवेने कफ डिंकासारखा घट्ट होतो आणि नळीच्या आतल्या बाजूला थरावर थर चढतो. त्यावर उपाय म्हणजे हवेत ओलावा, गरजेप्रमाणे नेब्युलायझर, वेळेवर सक्शन (बारीक नळीने कफ ओढून काढणं), आणि आतली नळी वेगळी निघत असेल तर ती काढून धुणं.

तिसरा धोका फुग्याचा. नळीच्या टोकाशी, श्वासनलिकेच्या आत एक फुगा असतो. त्यातला दाब साधारण 20 ते 30 सेंटिमीटर पाण्याइतका हवा. कमी पडला तर लाळ खाली झिरपते, जास्त झाला तर आतल्या नाजूक अस्तराचा रक्तपुरवठा तुटतो. बाहेर लोंबणारा छोटा फुगा बोटांनी चेपून दाब कळत नाही, त्यासाठी मीटर असतो. प्रत्येक पाळीत तो लावला जातो का, हा घरच्यांनी खुशाल विचारावा असा प्रश्न आहे. चांगल्या सिस्टरला त्याचा राग येणार नाही.

कोपरखैरणे_सेक्टर

सिस्टर, धागा अगदी वेळेवर आला. बाबांना स्ट्रोक झालाय, वाशीला आयसीयूत आहेत. डोळे उघडतात, उजवा हात हलवतात, पण व्हेंटिलेटर निघत नाहीये. उद्या ट्रॅक (ट्रॅकिऑस्टॉमी) करू म्हणाले. शेजारचे काका म्हणतात, बिल वाढवायचे धंदे आहेत, अजून आठवडा थांबा. आईचा त्यांच्यावर विश्वास आहे. मी एकटीच निर्णय घेणारी. थांबलं तर नुकसान होतं का?

भूल_आणि_श्वास

मी भूलतज्ज्ञ आहे, आयसीयूतच काम करतो. तुमच्या बाबांना पाहिलेलं नाही, त्यामुळे फक्त सर्वसाधारण सांगतो.

लवकर करावी की थांबावं यावर ब्रिटनमध्ये मोठा अभ्यास झाला, ट्रॅकमॅन नावाचा. 2013 मध्ये प्रसिद्ध झाला, 909 पेशंट होते. एका गटात पहिल्या 4 दिवसांत ट्रॅकिऑस्टॉमी, दुसऱ्यात 10 दिवसांनंतर, तीही गरज राहिली तरच. महिन्याभरातल्या मृत्यूंच्या प्रमाणात फरक पडला नाही. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: थांबलेल्या गटातल्या निम्म्याहून कमी लोकांना शेवटी ती करावी लागली. काहीजण तोवर सुधारले, काही दगावले. म्हणजे आपण कोणाला नळी लागणार हे सुरुवातीला नेमकं ओळखू शकत नाही. चौथ्या दिवशी घाई करणाऱ्याला मी कारण विचारीन.

पण हे सगळ्या आजारांना सारखं लावू नका. स्ट्रोकमध्ये फुप्फुसं ठीक असूनही खोकल्याची ताकद आणि गिळणं गेलेलं असू शकतं. उद्या डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारा. नळी काढून बघायचा प्रयत्न झाला का, आणि फसला असेल तर कशामुळे? आणि खोकला किती जोरकस आहे? बाबांना स्वतःचा कफ वर काढता येत नसेल, तर आठवडाभर थांबून हाती काय येणार तेही विचारा. रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर ती कधी बंद करणार, हेही त्याच वेळी बोलून घ्या.

घोडबंदरकर

मी शेजारच्या काकांच्या बाजूने थोडं बोलतो. बिलाचा संशय लोक उगाच घेत नाहीत. माझ्या मामांची ट्रॅकिऑस्टॉमी चांगली झाली, तक्रार नाही. पण आयसीयूचा खर्च झेपेना म्हणून आम्हीच वॉर्डात हलवा म्हटलं. संध्याकाळी हलवलं. वॉर्डात एका सिस्टरकडे अख्खा मजला. भिंतीवरच्या सक्शनला बाटली होती, नळी नव्हती. रात्री मामांच्या गळ्यातून घरघर सुरू झाली आणि सक्शनची नळी आयसीयूतून येईपर्यंत ते निळे पडले. वाचले, पण ती पाच-सात मिनिटं मामी अजून विसरलेली नाही. रुग्णालयाचं नाव घेत नाही. एवढंच म्हणणं की ऑपरेशनची सही घेतात, तशी वॉर्डात हलवताना तयारी दाखवायची जबाबदारी कोणाची?

रातपाळी_ठाणे

@घोडबंदरकर, वाचून फार वाईट वाटलं. धागा काढला तो याचसाठी. ब्रिटनमध्ये श्वासमार्गाच्या दुर्घटनांचा देशभरातून घेतलेला आढावा 2011 मध्ये प्रसिद्ध झाला, नॅप-फोर म्हणतात त्याला. आयसीयूमधल्या गंभीर घटनांत ट्रॅकिऑस्टॉमीच्या नळ्यांचा वाटा मोठा होता, आणि त्यात मुख्य कारण नळी जागेवरून हलणं हेच होतं. त्यानंतर तिथे पेशंटच्या डोक्याशी फलक लावायची पद्धत रुजली: नळी कोणत्या नंबरची, कधी घातली, वरचा श्वासमार्ग मोकळा आहे की नाही.

वॉर्डात हलवण्याआधी घरच्या माणसाने स्वतः जाऊन बेड बघावा, लाजू नये. सक्शन चालू करून दाखवायला सांगा, कानाने आवाज ऐका. सक्शनच्या नळ्या जवळ हव्यात. ऑक्सिजन आणि अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) हवी. त्याच नंबरची एक आणि एक नंबर लहान अशा दोन सुट्या ट्रॅक नळ्या बेडपाशीच हव्यात, स्टोअरमध्ये नव्हे. सोबत 10 मिलीची सिरिंज आणि कात्री. आणि हलवायचं ते दिवसाउजेडी, डॉक्टर भरपूर असताना. संध्याकाळी हलवत असतील तर "उद्या सकाळी हलवा" म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

श्वास अडकल्यासारखा वाटला तर हाक मारण्यात एक सेकंद घालवू नका. आतली नळी वेगळी असेल तर सिस्टर आधी ती काढतात, मग सक्शनची नळी आत जाते का पाहतात, जात नसेल तर फुगा सोडतात, म्हणजे त्यातली हवा काढतात. ऑक्सिजन तोंडावर आणि गळ्यावर, दोन्हीकडे द्यायचा. हा क्रम घरी नेणाऱ्यांनीही डिस्चार्जआधी सिस्टरसमोर करून दाखवायचा.

नौपाडा_वाचक

वाचनखूण साठवली. सासूबाईंच्या वेळी हे कोणी सांगितलं असतं तर!

कान_नाक_घसा

सिस्टरांनी उत्तम लिहिलंय. उशिरा येणाऱ्या दोन गोष्टी जोडतो.

एक, रक्त. पहिल्या दिवसात-दोन दिवसांत जखमेतून थोडं रक्त येणं नवीन नाही, सक्शनने आत खरचटलं तरी कफात रेषा दिसतात. पण त्यानंतर, विशेषतः पहिल्या तीन-चार आठवड्यांत, अचानक लालभडक ताजं रक्त आलं आणि थांबलं, तर "थांबलं ना" म्हणून सोडू नका. श्वासनलिकेच्या पुढून एक मोठी रोहिणी (हृदयाकडून येणारी रक्तवाहिनी) जाते. नळीच्या किंवा फुग्याच्या घर्षणाने तिच्यापर्यंत भोक पडलं तर पेशंट काही मिनिटांत जातो. हे क्वचित होतं, शंभरात एकापेक्षाही कमी. पण अशा पेशंटपैकी बऱ्याच जणांत मोठ्या रक्तस्रावाआधी असं थोडं रक्त येऊन गेलेलं असतं. नळी धडधडताना दिसते का, तेही बघा. असं काही दिसलं की रात्रीचे दोन वाजले असले तरी सर्जनना बोलावणं भाग आहे.

दोन, श्वासनलिका अरुंद होणं. फुगा जिथे टेकतो तिथे किंवा छिद्रापाशी व्रण पडतो, भरताना आकसतो. 1970 च्या आसपास कमी दाबाचे फुगे आल्यावर हे बरंच कमी झालं, पण संपलं नाही. कोविडनंतर, आठवडेच्या आठवडे नळीवर राहिलेले पेशंट आमच्याकडे याच तक्रारीने आले. फसवणारी गोष्ट अशी की नळी निघते, पेशंट घरी जातो, सगळे खूश, आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी जिना चढताना दम लागतो. श्वासनलिका बरीच अरुंद होईपर्यंत बसल्या जागी काही जाणवत नाही. मग कोणीतरी दमा म्हणून पंप देतं. पंपाने फरक पडत नाही, श्वास आत घेताना शिट्टीसारखा आवाज येतो. ज्याला कधीही व्हेंटिलेटर लागला होता आणि आता असा दम लागतोय, त्याने दुर्बिणीची तपासणी करून घ्यावी. आणि तो इतिहास डॉक्टरांना स्वतःहून सांगावा, ते विचारतीलच असं नाही.

अन्ननलिका आणि श्वासनलिका यांच्यात भोक पडणं हाही क्वचित घडणारा प्रकार. नाकातून पोटात घातलेल्या कडक राइल्स ट्यूबचा आणि फुग्याचा दाब एकाच भिंतीवर दोन्ही बाजूंनी पडतो. सक्शनमध्ये दूध किंवा पेज दिसायला लागली की शंका घ्यायची.

मानपाडा_सोसायटी

आम्ही आईला नळीसकट घरी आणलं, घोडबंदर रोडवर राहतो. काही अनुभव.

धूळ. मेट्रोचं काम, डंपर, टॉवरची बांधकामं. खिडकी उघडी राहिली की दुपारपर्यंत कफ करडा दिसायचा. नळीच्या तोंडावर एचएमई फिल्टर (श्वासातला ओलावा आणि ऊब धरून ठेवणारा) लावायला सुरुवात केल्यावर बरंच बरं वाटलं. तो कफाने भरला की लगेच बदलायचा, भरलेला फिल्टर श्वासच अडवतो. उदबत्ती, कापूर, मच्छरांची कॉइल आईच्या खोलीत बंद. गणपतीत आरती बाहेरच्या खोलीत केली, आईने दारातून पाहिली. टाल्कम पावडरही बंद.

वीज. देखभालीसाठी वीज गेली की इलेक्ट्रिक सक्शन मशीन गप्प. सोसायटीचा जनरेटर फक्त लिफ्टला. आम्ही पायाने चालवायचं सक्शन मशीन घेऊन ठेवलं. पहिल्यांदा नर्सिंग ब्युरोतून आलेल्या मावशींनाच ते चालवता येईना, म्हणून वीज असतानाही अधूनमधून सराव ठेवला.

एक प्रश्न: डिस्चार्जला प्लास्टिकची काढून धातूची नळी घातली. टिकाऊ आहे, धुता येते म्हणाले. यात काही तोटा?

सानपाडा_पूर्व

जखमेभोवती ओलं राहतं आणि लाल होतं, तिथे हळद लावली तर चालेल का? आजी म्हणते लावा.

भूल_आणि_श्वास

@सानपाडा, नको. कोणतीही पूड गळ्याच्या छिद्रापाशी नेऊ नका, श्वासाबरोबर सरळ फुप्फुसात जाते. सलाइनने पुसा, कोरडं करा, नळीखालचं ड्रेसिंग ओलं झालं की बदला. सुटे धागे निघणारा कापूस किंवा कापलेलं गॉज वापरू नका. लाली पसरली, पू आला, वास आला तर दाखवा.

@मानपाडा, धातूची नळी आपल्याकडे भरपूर वापरतात, स्वस्त पडते, आतली नळी काढून धुता येते. पण तिला फुगा नसतो, आणि नेहमीच्या धातूच्या नळीला अंबू बॅग किंवा व्हेंटिलेटर थेट जोडता येत नाही, कारण बाहेरच्या टोकाला 15 मिलिमीटरचा जोड नसतो. उद्या 108 ची गाडी दाराशी आली आणि श्वास द्यायची वेळ आली, तर गाडीतल्या डॉक्टरांची तिथेच पंचाईत होईल. म्हणून आईच्या नंबरची फुगा असलेली प्लास्टिकची नळी सीलबंद पिशवीत बेडच्या डोक्याशी टांगून ठेवा, आणि 108 ला फोन लावतानाच "गळ्यात धातूची नळी आहे" हे पहिल्या वाक्यात सांगा. एमआरआय करायची वेळ आली तर तिथेही आधी सांगा.

सक्शनबद्दलही लिहितो, कारण ब्युरोच्या माणसांत हे फार दिसतं: नळी आत घालून ढवळत बसतात. एका वेळी 10 ते 15 सेकंद, बस. तोपर्यंत पेशंटला श्वास मिळत नसतो. सक्शनची नळी ट्रॅकच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जाड नको. दाब आत घालताना लावायचा नाही, बाहेर काढताना लावायचा.

कोपरखैरणे_सेक्टर

सगळ्यांचे आभार. भूलतज्ज्ञांनी सांगितलेले प्रश्न विचारले. दोनदा नळी काढायचा प्रयत्न झाला होता आणि खोकला अगदी क्षीण आहे, म्हणाले. आईलाही समोर बसवून समजावलं. ट्रॅकिऑस्टॉमी झाली, व्यवस्थित. झोपेची औषधं बंद केल्यावर बाबा बरेच जागे आहेत, आता व्हेंटिलेटर फक्त रात्री.

पण त्यांना बोलता येत नाही याचा त्यांना भयंकर राग येतोय. ओठ हलवतात, आम्हाला कळत नाही, मग चादरीवर हात आपटतात. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस. आवाज परत येईल ना? एका मित्राने बोलायचा व्हॉल्व्ह मिळतो म्हणून ऑनलाइन लिंक पाठवलीय. मागवून लावला तर?

वाचा_नेरूळ

थांबा, कृपया स्वतः लावू नका! मी वाचा आणि गिळण्याची थेरपिस्ट आहे.

तो व्हॉल्व्ह एकाच दिशेने उघडतो. श्वास आत येतो गळ्यातून, पण बाहेर जाताना व्हॉल्व्ह बंद होतो आणि हवा वर स्वरयंत्राकडे वळते, म्हणून आवाज येतो. आता आत फुगा भरलेला असेल तर हवेला वर जायला जागाच नाही. श्वास आत जाईल, बाहेर येणार नाही. काही क्षणांत पेशंट गुदमरतो. म्हणून फुगा पूर्ण रिकामा केल्याशिवाय व्हॉल्व्ह कधीही नाही. फुगा सोडल्यावर नळीच्या बाजूने पुरेशी हवा वर जाते का, हे डॉक्टर आणि थेरपिस्ट मिळून तपासतात. पहिल्यांदा काही मिनिटंच लावायचा, ऑक्सिजन मीटर बोटाला लावून. झोपताना काढायचा.

हा व्हॉल्व्ह बनवला तो डेव्हिड मुइर नावाच्या अमेरिकन तरुणाने. तो स्वतः स्नायूंच्या आजारामुळे व्हेंटिलेटरवर होता आणि त्याला बोलायचं होतं. तुमच्या बाबांचा राग मला अगदी कळतो. स्ट्रोकमध्ये भाषेच्या केंद्राला धक्का बसलाय का, हे मात्र वेगळं तपासावं लागेल. उजवा हात हलतोय, तर उद्याच एक जाड पुठ्ठा घेऊन जा. वर ठळक अक्षरात "दुखतंय", "सक्शन", "वळवा", "तहान", "आईला बोलवा", खाली मुळाक्षरं. मास्तर आहेत, बोट ठेवून शब्द लावतील. त्यांचा चष्मा आयसीयूत आहे का? बऱ्याचदा तो घरीच राहिलेला असतो.

आणि तोंडाने पाणी पाजू नका, कितीही मागितलं तरी. फुगा भरलेला आहे म्हणजे ठसका फुप्फुसात जाणार नाही, हा समज चुकीचा आहे. फुग्यावर साठलेलं कडेने झिरपतंच. आधी गिळण्याची तपासणी, मग चमचाभर.

रातपाळी_ठाणे

@कोपरखैरणे, वरच्या प्रतिसादातलं प्रत्येक वाक्य आईला वाचून दाखवा, पाण्याचं विशेषतः. आया आणि बायका मायेने चमचाभर पाणी घालतात आणि दोन दिवसांनी ताप येतो, हे मी फार पाहिलंय.

दिवसा व्हेंटिलेटरशिवाय राहतायत ही चांगली खूण. फुगा दिवसा थोडा वेळ सोडून बघायला कधी सुरू करणार, हे उद्या राऊंडला विचारा. लाळ स्वतः गिळतायत का आणि कफ नळीपर्यंत स्वतः ढकलतायत का, यावर ते ठरेल. नंतर लहान नंबरची नळी किंवा नळीच्या तोंडावर टोपण लावून बघतात, ते झेपलं की मग काढतात. इस्पितळ सरकारी आरोग्य योजनेत असेल तर खर्चाबद्दल तिथल्या आरोग्यमित्रांना आजच भेटा, डिस्चार्जच्या दिवसाची वाट बघू नका.

चष्मा न्याच. आणि पुठ्ठ्याचा फोटो व्यनि (खासगी निरोप) करा, आमच्या आयसीयूतही तसाच करून ठेवते.